चौदा सह्या, एक हात

शिवऱ्याला हायवेच्या कडेला, टायरच्या दुकानाच्या वर एक लांबट खोली आहे. तिथं मी अडीच वर्षं नोकरी केली. सर सरकारी खात्यातून हस्ताक्षरतज्ज्ञ म्हणून निवृत्त झाले होते. गावी परत येऊन त्यांनी तेच काम खासगीत सुरू केलं होतं. हायवेवर असल्यामुळे पुण्याचे वकील येत, साताऱ्याचेही येत. कुणी मृत्युपत्र घेऊन, कुणी साठेखत. विचारायचं सगळ्यांना एकच असायचं, ही सही त्या माणसाची आहे की नाही.

मी रोज सकाळी भोरहून एसटीने यायची. सह्यांचे फोटो काढायचे, ते मोठे करायचे, शेजारी शेजारी लावायचे, लाल बाणांनी खुणा करायच्या आणि सर सांगतील तो अहवाल टाइप करायचा, एवढं माझं काम. बोलायचं काम सरांचं होतं. ही वाटणी मला सोयीची होती. मी फॉरेन्सिकची पदवी घेतली तीसुद्धा थोडी याच हिशेबाने, की भिंगाखालचा कागद आपल्याला काही विचारत नाही.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. घरी मराठी बोलतो, पण मराठी लिहिलेलं वाचायला मला अजूनही वेळ लागतो. हाताने लिहिलेलं तर जास्तच. त्यामुळे सही समोर आली की आधी मला आकार दिसायचा, नाव नंतर. कुठे पेन उचललं, कुठे टेकलं, कुठला दांडा वाकडा गेला. सर म्हणायचे, "तू वाचत नाहीस, म्हणून तुला नीट दिसतं." ते कौतुक होतं. मीही ते कौतुक म्हणूनच घेतलं.

पावसाळा सरत आला असताना वेल्हे तालुक्यातून एक गृहस्थ आले. पासलीच्या पुढच्या डोंगरातली एक वाडी, तिथले ते माजी पंच. त्यांच्याकडे अंगणवाडीच्या वाटप रजिस्टरच्या एका पानाची झेरॉक्स होती. लहान मुलांसाठी आणि गरोदर बायकांसाठी पोषण आहाराची पाकिटं येतात, ती घरी नेणाऱ्या बायकांनी, मिळाली म्हणून केलेल्या सह्या. एकूण एकवीस.

"ह्या सगळ्या सह्या सेविकाबाईनंच ठोकल्यात," ते म्हणाले. "पाकिटं वाटलीच न्हाईत. म्हशीला घातली तिनं."

"कोणाच्या म्हशीला?" सरांनी विचारलं.

"तिच्याच की. दुसऱ्याच्या म्हशीला कोण घालतंय फुकाट?"

त्यांनी तालुक्याला तक्रार केली होती. त्यांची सून सेविकेच्या जागेसाठी अर्ज करून बसली होती, हे त्यांनी सांगितलं नाही, मला पुढे कळलं. बायकांना विचारलं का, असं सरांनी विचारलं. ते म्हणाले, "त्या काय सांगणार? समद्या भावकीतल्या. बाई म्हणंल ते म्हणणार. म्हणून तर तुमच्याकडं आलो. शास्त्र खोटं बोलत न्हाई."

त्या वाडीत सगळ्यांचं आडनाव एकच आहे. म्हणजे एकवीस सह्यांमध्ये पुढचं नाव वेगवेगळं, आणि मागचा शब्द तोच, एकवीस वेळा. आमच्या कामात अशी संधी क्वचित मिळते. एकाच शब्दाचे इतके नमुने एका पानावर. सरांचा चेहरा खुलला होता. मी स्कॅन केलं, मोठं केलं, आडनावं कापून एकाखाली एक लावली.

सात सह्या वेगळ्या होत्या. एकमेकींपासूनही वेगळ्या, सरसर केलेल्या. उरलेल्या चौदांमध्ये आडनाव जवळजवळ सारखं होतं. शेवटच्या अक्षराचा दांडा खाली येऊन डावीकडे आकड्यासारखा वळलेला. शब्दाखाली आडवी रेघ, तिच्या टोकाला दोन टिंबं. आणि चौदाही ठिकाणी रेषा थरथरलेली, जागोजाग पेन थांबलेलं, दाब सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच. आम्हाला कॉलेजात पहिल्या वर्षी शिकवलेलं असतं: स्वतःची सही माणूस न बघता करतो, तिला वेग असतो. खोटी सही बघून बघून काढलेली असते, ती हळू असते, थरथरते. रजिस्टरवर वरच्या बाजूला सेविकेने स्वतःचं नाव आणि सही केली होती. तिच्याही आडनावाच्या शेवटी तोच आकडा होता.

मी सरांच्या टेबलावर तक्ता ठेवला तेव्हा कोपऱ्यात मी पेन्सिलने लिहिलं होतं, 'नमुना सह्या?' म्हणजे त्या एकवीस बायकांकडून समोर बसवून घेतलेल्या सह्या. त्या आमच्याकडे नव्हत्या. मूळ रजिस्टरही नव्हतं.

सरांनी ते वाचलं. "पार्टीने आणल्या नाहीत. आपल्यापुढे जे आहे त्याचं उत्तर आपण देतो."

"झेरॉक्सवर दाब कळतो का, सर?"

"तीस वर्षं बघतोय मी. मला कळतो."

मी रबराने पेन्सिल पुसली. इथे मी काही बोलले असते तर, असं लिहिणार होते. पण खरं म्हणजे तेव्हा मलाही तो निष्कर्ष बरोबर वाटला होता. शंका होती ती पद्धतीबद्दल, उत्तराबद्दल नाही. मी अहवाल टाइप केला: विवादित चौदा सह्या एकाच व्यक्तीने केलेल्या असून ती व्यक्ती सदर सेविका आहे. सात सह्या अन्य व्यक्तींच्या आहेत.

त्या अहवालावरून सेविकेला कामावरून थांबवलं गेलं. चौकशी लागली. सिद्ध झालं तर ती कायमची काढली जाणार होती. अहवाल देणाऱ्या तज्ज्ञाने येऊन साक्ष द्यावी, असं पत्र सरांना आलं.

वेल्ह्याला गेलो तेव्हा भातं झोडून झाली होती. चेलाडीवरून आत वळल्यापासून दोन्ही बाजूंना रिकामी खाचरं आणि पेंढ्याच्या गंजी. सर गाडी चालवता चालवता साक्षीत काय विचारतील आणि काय उत्तर द्यायचं ते मोठ्याने म्हणून बघत होते. मी मांडीवर तक्त्यांची गुंडाळी धरून बसले होते.

कार्यालयाच्या व्हरांड्यात बायका बसल्या होत्या. पंधरा-सोळा असतील. पहाटेच्या गाडीने आल्या होत्या, काहींनी भाकरी बांधून आणली होती. सेविका त्यांच्यापासून जरा लांब, खुर्चीवर. पस्तिशीची, बारीक, मांडीवर प्लास्टिकची फाइल. तिच्याकडे बघायचं मी टाळलं. तिचं अक्षर मी तिच्यापेक्षा जास्त वेळ बघितलं होतं आणि तिला पहिल्यांदाच बघत होते.

सर आत गेले. मला बाहेर थांबायला सांगितलं. थोड्या वेळाने शिपाई एक कागद घेऊन आला, आलेल्यांची हजेरी. "सह्या करा सगळ्यांनी. पेन हाय का कुणाकडं?" कुणाकडेच नव्हतं. मी माझं दिलं.

माझ्या शेजारी साठीची एक बाई होती, हिरव्या लुगड्यातली. कागद तिच्याकडे आला तसा तिने तो बाकावर ठेवला, पदराने हात पुसला आणि पेन खडूसारखं घट्ट धरलं. आधी कागदावरच्या छापील ओळीवर नख फिरवलं. मग त्या ओळीला लटकवल्यासारखी अक्षरं काढायला घेतली. प्रत्येक अक्षरानंतर थांबायची. बघायची. पुढचं. आडनावाच्या शेवटच्या अक्षराचा दांडा खाली ओढला आणि डावीकडे आकडा काढला. मग खाली रेघ. मग दोन टिंबं, एक, दोन, पेन दाबून.

तिने कागद पुढच्या बाईला दिला. ती म्हणाली, "धर नीट, फाटंल," आणि तेच केलं. नख, अक्षरं, आकडा, रेघ, टिंबं. तिच्या पुढचीनेही. मी चौघींचं बघितलं. माझ्या मांडीवरच्या गुंडाळीत हेच मोठं करून, लाल बाण लावून ठेवलेलं होतं.

मी अनोळखी माणसांशी आपण होऊन बोलत नाही. तेव्हा बोलले.

"मावशी, ही सही कोणी शिकवली तुम्हाला?"

"बाईनं." तिने हनुवटीने खुर्चीकडे दाखवलं. "बालवाडी सुटली का दुपारची बसवायची आमाला. पोरांच्या पाट्या घेऊन."

"सगळ्यांना?"

"ज्यांना येत न्हवतं त्यांना. पोरीबाळी शिकलेल्या हायत, त्यांचं त्या करत्यात."

दुसरी म्हणाली, "आडनाव येकच. मग बाईनं फळ्यावर येकदाच काढलं, म्हनली समद्यांनी हेच गिरवा. नाव मातर येकेकीला पुठ्ठ्यावर काढून दिलं."

"माजा पुठ्ठा अजून फडताळात हाय," हिरव्या लुगड्याची म्हणाली. "इसरलं तर बघायला."

"आणि खाली ती रेघ? दोन टिंबं?"

"ती काढायचीच असती की," ती म्हणाली. मला एवढंही ठाऊक नाही याचं तिला नवल वाटलेलं दिसलं. "त्याबिगर सही पुरी कशी हुईल?"

मी उठून दाराशी गेले. आत सरांची साक्ष चालू होती. टेबलामागे चौकशी करणारे साहेब, शेजारी लिहून घेणारा कारकून, एका बाजूला माजी पंच. सेविकेला आत बोलावलेलं होतं. ती उभीच होती. सर थरथरलेल्या रेषेबद्दल सांगत होते, ते चांगलं सांगतात. समोर बघून केलेली नक्कल कशी ओळखायची, आकडा ही लिहिणाऱ्याची नकळत पडणारी सवय कशी असते.

साहेबांनी विचारलं, "म्हणजे खात्री किती?"

"शंभर टक्के," सर म्हणाले.

साहेब सेविकेला म्हणाले, "तुम्हाला काही विचारायचंय यांना?"

ती म्हणाली, "सर, तुम्ही आमच्या वाडीत आला होता का?"

"त्याची गरज नसते."

"बरं," ती म्हणाली. कारकुनाने 'बरं'ही लिहिलं की काय, कोण जाणे. तो लिहीत होता खरा.

मग साहेब चहासाठी उठले. सर बाहेर आले, मी त्यांना व्हरांड्याच्या टोकाला नेलं आणि बघितलेलं सांगितलं. एका दमात, खाली बघून. सरांनी ऐकून घेतलं. बायकांकडे एकदा मान वळवून पाहिलं.

"सगळ्या अशाच करतात?"

"मी चार बघितल्या."

"चार," ते म्हणाले. "बाळ, आत्ता मी आत काय बोललो ते लिहून घेतलंय त्यांनी. आता जाऊन म्हणू, की माझ्या असिस्टंटला व्हरांड्यात वेगळं दिसलं? उद्या प्रत्येक वकील हा कागद काढून माझ्या तोंडावर टाकेल."

"पण बघून काढलेलं आहे हे बरोबर होतं, सर. बघून कोण काढतंय ते आपण..."

"कळलं मला," ते म्हणाले.

ते रागावले नव्हते. मला वाटतं त्यांना ते माझ्याआधीच कळलं होतं, मी 'पाट्या' म्हटलं तेव्हाच. ते खरोखर चांगले तज्ज्ञ होते. त्यांच्या तीस वर्षांत त्यांच्यासमोर आलेल्या सह्या बँकेतल्या, कचेरीतल्या, शिकलेल्या माणसांच्या होत्या, ज्यांनी सही स्वतः ठरवलेली असते. किंवा मग त्यांची नक्कल करणाऱ्यांच्या. सही कुणीतरी फळ्यावर काढून दिलेली असते, असा तिसरा प्रकार आमच्या पुस्तकात नव्हता. माझ्या डोक्यातही नव्हता.

चहा झाल्यावर साहेबांनी तक्ते मागितले. सरांनी ते टेबलावर पसरले. साहेब वाकून बघत म्हणाले, "हे फोटो मूळ रजिस्टरचे का?"

"माझ्या असिस्टंटने केलेत," सर म्हणाले. तेव्हा साहेबांनी मला आत बोलावलं. बसायला सांगितलं नाही, म्हणून मी सेविकेच्या शेजारी उभी राहिले.

"मूळ रजिस्टरचे का?"

"नाही. झेरॉक्सचे."

"बायकांच्या नमुना सह्या घेतल्या होत्या?"

"नाही."

"का?"

मी सरांकडे बघितलं नाही. "आणून दिल्या नव्हत्या. मागायला हव्या होत्या. बाहेर त्या बसल्या आहेत. आता घेता येतील." माझा आवाज इतका बारीक निघाला की कारकून म्हणाला, "पुन्हा सांगा." पुन्हा सांगितलं. मग व्हरांड्यात बघितलेलंही सांगितलं. माजी पंच मध्येच म्हणाले, "ही बाईच्या बाजूनं कवापासून झाली?" साहेबांनी त्यांना गप्प बसवलं.

बायकांना एकेक करून आत बोलावलं. त्या चौदांपैकी अकरा आल्या होत्या. प्रत्येकीने साहेबांसमोर, टेबलावर, पाच पाच सह्या केल्या. याला खूप वेळ लागला. पाचवी सही होईपर्यंत एकीचा हात भरून आला, तिने बोटं मोडली आणि म्हणाली, "साहेब, येवडं तर लगीन झाल्यावर उखाणं बी न्हाई घ्यायला लावलं." कारकून हसला, मग साहेबांकडे बघून थांबला.

अकराही जणींच्या आडनावाला तोच आकडा, तीच रेघ, तीच टिंबं. साहेबांनी कपाटातून मूळ रजिस्टर काढलं, शेजारी ठेवलं, बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे या सह्या त्यांच्याच आहेत असं दिसतंय."

इथे संपायला हवं होतं. पण सेविका म्हणाली, "साहेब, एक सांगायचंय. या पानावर एक सही मी केलीय."

माजी पंच उठून उभे राहिले.

"एकच," ती म्हणाली. "ती बाळंतपणाला माहेरी गेली होती. पाकीट तिच्या सासूने नेलं. सासूला सही येत नाही, आणि पान तर त्याच दिवशी पुरं करून द्यायचं होतं. मी केली. कुणाचं पाकीट ठेवून घेतलं नाही. पण सही मी केली."

"मग एवढे दिवस का बोलला नाहीत?"

"एवढे दिवस चौदा म्हणत होते. एक सांगितली असती तर चौदाही कबूल केल्या असं झालं असतं."

साहेबांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला. मग रजिस्टर सरांकडे सरकवलं. "कोणती ते सांगता येईल तुम्हाला?"

सर म्हणाले, "असं परीक्षण होत नसतं. योग्य उजेड लागतो, उपकरणं लागतात." हे बरोबरच होतं. फक्त झेरॉक्सच्या वेळीही ते बरोबर होतं.

"तुम्ही?" साहेब मला म्हणाले.

मी नाही म्हणायला हवं होतं. पण सकाळपासून मी बरोबर ठरत होते आणि त्याची एक प्रकारची धुंदी आली होती. मी पर्समधलं भिंग काढलं. चौदा सह्या मूळ शाईत पहिल्यांदाच बघत होते. नववी सही इतरांपेक्षा वेगात केलेली होती, आकडा सफाईदार, रेघ न थांबता ओढलेली. ज्या हाताने ते वळण फळ्यावर काढून दिलं, तोच हात. मी कारणांसकट बोट ठेवलं.

साहेबांनी नाव वाचलं. दारात एक बाई पुढे आली, चाळिशीची, कमरेला पदर खोचलेली.

"ती माजी हाय," ती म्हणाली. "म्हस सुटली हुती त्या दिशी. मंग घाईघाईत केली."

"नक्की?"

"म्हशीला इचारा."

यावेळी साहेबही हसले. मी भिंग पर्समध्ये ठेवलं.

सेविकेने स्वतः केलेली म्हणून दाखवली ती सही त्या चौदांतली नव्हतीच. सातांतली होती. बारावी शिकलेल्या एका सुनेची, पहिल्या अक्षराला मोठा फुगा असलेली झोकदार सही. "मागच्या महिन्याची तिची सही बघून केली," सेविका म्हणाली. "दोन-तीनदा कच्च्या कागदावर काढून बघितली आधी." आमच्या अहवालात ती 'अन्य व्यक्तीची' म्हणून निकालात निघालेली होती. म्हणजे त्या पानावर जी एकच खोटी सही होती, ती आम्ही खरी ठरवली होती.

सर ती सही बघत राहिले. मग हलकेच म्हणाले, "छान केलीय." ते टोमणा मारत नव्हते.

माझा जबाब लिहून झाला. मी खाली सही केली, इंग्रजीत, नेहमीची. हिरव्या लुगड्याची मावशी दाराशीच टेकून सगळं बघत होती.

"ही इंग्लिश का?"

"हो."

"आन तुमाला कुणी शिकवली?"

मी म्हणाले, "कोणी नाही. मीच बनवली. शाळेत असताना, वहीच्या मागच्या पानावर."

"सोताच?" ती म्हणाली. "मग ती तुमचीच हाय हे कसं कळायचं?"

उत्तराची वाट न बघता ती निघाली, तिला गाडी गाठायची होती.

परतीच्या रस्त्यावर मार्गासनी गाव मागे पडलं. मग सर म्हणाले, "नववी का निवडलीस?" मी कारणं सांगितली. "मीही तीच निवडली असती," ते म्हणाले. पुढे म्हणाले, "म्हणून मी निवडली नाही." चेलाडीला त्यांनी मला एसटीसाठी उतरवलं. त्यानंतर साक्षीला ते एकटेच जात. मला काढलं नाही, ओरडलेही नाहीत. झेरॉक्सवर अभिप्राय देणं मात्र त्यांनी थांबवलं नाही. फक्त 'शंभर टक्के' ऐवजी 'माझ्या मते' असं टाइप करायला सांगू लागले, आणि पार्टी कुरकुरली की पुन्हा 'निश्चितपणे'. पुढच्या वर्षी मी ती नोकरी सोडली. आता भोरमध्येच एका वकिलांकडे कागदपत्रं बघते.

चौकशीचा निकाल महिन्याभराने लागला. जबाबावर माझा नंबर होता, त्यावरून सेविकेनेच फोन करून सांगितला. तज्ज्ञाचा अभिप्राय ग्राह्य धरला नव्हता. एका सहीबद्दल तिला लेखी ताकीद मिळाली होती. ती कामावर रुजू झाली होती.

"पण मॅडम, खाली एक ओळ घातलीय," ती म्हणाली. "यापुढे प्रत्येक सहीशेजारी अंगठा घ्यायचा. म्हणजे पुन्हा असा वाद नको."

"मग?"

"मग काय, बायका ऐकेनात. पहिल्या दिवशी शाईचा पॅड काढला तर निम्म्या उठून गेल्या. एक म्हातारी म्हणते, मी नातवंडाच्या पाटीवर घासून सही शिकले ती पुन्हा अंगठा द्यायला व्हय? पाकीट नको म्हणते. पोरगं तिच्या सुनेचं, पाकीट त्याचं. आता अंगठा नाही घेतला तर आदेश मोडला म्हणून माझ्यावर येणार, आणि घ्यायला गेले तर वाटप होत नाही, तेही माझ्यावरच." मग म्हणाली, "तुम्ही तज्ज्ञ आहात. सही पुरेशी आहे असं लिहून द्याल का?"

पहिल्यांदा मी म्हणणार होते की मी तज्ज्ञ नाही. मग म्हणाले, विचार करून सांगते.

सह्या पुरेशा आहेत असं मी लिहू शकत नव्हते. त्या चौदा सह्यांमधली कुणाची कोणती, हे नाव झाकलं तर मला सांगता येत नाही, आणि ते मी साहेबांसमोर सिद्धही करून दाखवलं होतं. अंगठा खोटा पडत नाही म्हणावं, तर आयुष्यभर भात लावणाऱ्या, लाकडं फोडणाऱ्या हातांचे ठसे किती नीट उठतात तेही मी बघितलं होतं. कागदावरून माणूस ओळखायचं काम मी शिकले, आणि त्या वाडीत एकमेकींना न ओळखणारी एकही बाई नव्हती.

शेवटी मी एक पान लिहिलं. मराठीत, हाताने, दोनदा खाडाखोड करून. की या बायकांची सही शिकण्याची पद्धत एकच असल्यामुळे फक्त अक्षरावरून त्या वेगळ्या ओळखता येत नाहीत, म्हणून त्यांची सही खोटी ठरत नाही. की वाटप होताना हजर असलेल्या दोन बायकांनी, पाळीपाळीने, पानाखाली साक्षीदार म्हणून सही करावी. एखादी हजर नसेल तर तिचं पाकीट कुणी नेलं ते नाव लिहावं. अंगठ्याची गरज नाही. एवढंच. खाली माझी इंग्रजी सही, आणि ती कुणाची ते कळावं म्हणून कंसात मराठीत पूर्ण नाव. ते पान सेविकेने आपल्या अर्जाला जोडून तालुक्याला दिलं.

त्याला उत्तर आलेलं नाही. परवा तिचा फोन आला होता, दुसऱ्याच कामासाठी. मी विचारलं. ती म्हणाली, रजिस्टरमध्ये अंगठ्याचा रकाना आखून ठेवलाय, आदेश आहे म्हणून. तो पहिल्या दिवसापासून कोरा आहे. साक्षीदार मात्र आता दोनच राहिले नाहीत, जी येते ती खाली सही करते, कारण एकीने केली तर आपण का नको. पानावर जागा पुरत नाही. तपासणीला कुणी आलं तर काय म्हणतील माहीत नाही, ती म्हणाली, पण पाकिटं वाटली जातायत.